अण्णांचा बिल्ला

आखातातल्या मेसईदच्या प्लांटमधला आमचा गोरा सुपरवायझर सुट्टीत मायदेशी गेला, की धातू शोधायचं मशीन घेऊन शेतं पालथी घालतो. येताना डबाभर जुने लष्करी बिल्ले आणतो आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे ओततो. मी फिटर, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण माझे वडील पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावायचो.

साताऱ्याकडच्या आमच्या घराच्या ओट्यावरून अण्णांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "उलटा कर." मागं हुक आहेत की पट्टी, यावरून ते काळ सांगायचे, कडा घासून किती झिजल्यात, यावरून शिपाई कसा होता ते. ओळखता आलं नाही, तर सरळ म्हणायचे, "ह्यो आपल्याला ठावं नाय." काळा पडलेला बिल्ला बघून मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "चिंच लावा म्हणावं त्याला. पितळ असं ठेवत्यात व्हय?" साहेब हसून मान हलवायचा. त्याच्या मते तो काळेपणा हेच बिल्ल्याचं वय. घासला की खलास. दोघांचं हे भांडण मी इकडचं तिकडं सांगून चालू ठेवायचो, मला मजा यायची.

अण्णा गेले तेव्हा प्लांटचं शटडाउन, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचं रात्रंदिवस काम चालू होतं. सुट्टी मिळाली ती दहाव्यासाठी. लोक खांद्यावर हात ठेवायचे, मी 'शुक्रन' म्हणायचो. जेवत होतो, झोपत होतो, बोल्ट आवळत होतो. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

राख सावडायच्या दिवशी धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांना पलटणीची टोपी घालून नेलं होतं, बिल्ला काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता राखेत त्याला एक काळाठिक्कर तुकडा सापडला होता.

"दादा, ह्यो अण्णांचा बिल्ला हाय, का कुठला लोखंडाचा तुकडा? अस्थींसंगं सोडू का ठिवू?"

"उलटा कर," मी म्हणालो.

त्यानं उलटा केला. मग साहेबाला सांगायचो त्याच आवाजात मी सांगत गेलो. मागं एकच हुक, दुसरा नोकरीतच तुटलेला. पुढं पलटणीच्या रणशिंगाची कड घासून घासून सपाट झालेली. "अण्णांचाच आहे. ठेव."

"घरी गेल्यावर चिंचेनं घासू का? काळा त्यास्नी चालायचा नाय."

मला साहेब आठवला. हा काळेपणा कुठल्या शेतातल्या मातीचा नव्हता, चितेचा होता.

"घास," म्हणालो. "पण मला बघू दे."

संध्याकाळी त्यानं ओट्यावर फोन टेकवून ठेवला आणि वाटीत चिंच कालवली. हळूहळू शिंग पिवळं दिसायला लागलं. वाटीतलं पाणी काळं होत गेलं. बिल्ला पुसून त्यानं वाटी उचलली आणि तसाच उभा राहिला.

"दादा, हे पाणी कुठं वतू?"

"ओतू नको, मी येईपर्यंत ठेव," म्हणता म्हणता मला रडू फुटलं.