घासायचं नाही

पोरगी तान्ही होती तेव्हा तिच्या पाठीवर तपकिरी डाग उठले, मसूर सांडल्यासारखे. पोलादपुरात आमच्या आळीला पोरं न्हाऊ घालणारी एक म्हातारी होती. तिच्या हाताखालून अर्धी आळी मोठी झालेली, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. ती पाय लांब करून बसायची, पोरीला नडग्यांवर पालथी घालायची, तेल चोळायची आणि कढत पाणी घेऊन बेसनानं घासायची. घासलं की डाग फुगून लाल व्हायचे. म्हातारी खूश! आंगातली उष्णता भायेर पडते हाय, म्हणायची. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत.

सासूबाई तिच्याच बाजूच्या. मला मात्र चैन पडेना. न्हाल्यावर पोरगी दिवसभर किरकिरायची आणि मी चुलीपासून पाळण्याशी, पाळण्यापासून चुलीशी. महाडच्या डॉक्टरांनी मलम दिलं. तेही चोळायचंच होतं.

एका सकाळी न्हाता न्हाता पोरीनं मान टाकली. अंग लालबुंद. मी तिला ओलीच पदरात गुंडाळली आणि रस्त्यावर दिसेल त्या जीपला आडवी गेले. महाड येता येता ती रडायला लागली. रडणं इतकं गोड असतं हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मुंबईला न्या म्हणाले.

वीर स्टेशनवर गाडी पकडून मुंबईला नोकरीत असलेल्या नवऱ्याकडे गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या मागच्या टोकानं एक डाग घासला. आम्ही बोलत होतो तोवर तो टरारून फुगला. शरीराची राखण करणाऱ्या पेशी हिच्या कातडीत नको तितक्या वाढल्यात, त्या म्हणाल्या, चोळलं, तापवलं किंवा माशी-बिशी चावली की बिथरतात. क्वचित कुणाला होतं. मोठी होईल तसे डाग बहुतेक जातील.

"तोवर घासायचं नाही."

सांगणं सोपं हो! म्हातारीला मी दारातूनच परत पाठवलं, तर सासूबाईंनी अबोला धरला. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. गांधीलमाशी दिसली की माझा जीव टांगणीला. दिवाळीत आळीभर उटण्याचा वास, आणि माझी पोरगी नुसतं कोमट पाणी अंगावर घेऊन गाल फुगवून बसलेली. तिच्या पाठीकडे गेलेला माझा हातही मधेच थांबायचा. स्वतःचाच राग यायचा.

ती वयात यायला लागली तसे डाग फिके पडले. आता घासायला हरकत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या दिवाळीत ती उटण्याची वाटी घेऊन पाटावर बसली. मी दोन बोटांनी थोडं लावलं आणि बघत राहिले. काही फुगेना. तरी हात पुढे जाईना.

"आई गो, घास ना," ती म्हणाली. "मी काय अंडं हाय काय?"

मी घासलं, खांद्यापासून कमरेपर्यंत. तिची पाठ एवढी रुंद झालीय, हे मला माहीतच नव्हतं.