अंजनाच्या नावाचं कार्ड

पंचाण्णवच्या निवडणुकीत अंबरनाथचा तो वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि अंजना अहिरेला तिकीट मिळालं. मेहेरबानी कोणाचीच नव्हती. जांभूळ गावाहून येणारं पाणी चाळीपर्यंत पोचावं म्हणून चार वर्षं रिकामे हंडे घेऊन पाणीपुरवठ्याच्या ऑफिसपुढे बसली होती ती बाई.

प्रचाराच्या फोटोसाठी ती उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या परसरामच्या स्टुडिओत गेली. पोस्टकार्ड साइज म्हटल्यावर त्याला वाटलं, लग्नासाठी दाखवायचा फोटो; त्याने सवयीने फुलदाणी पुढे सरकवली.

"बहेनजी, नजर थोडी नीचे. लडकेवालों को ऐसाच पसंद आता है."

"माझा मुलगा दहावीला आहे! मत मागायचंय मला. कर वर कॅमेरा."

फोटो झकास आला. सरळ बघणारा.

छपाईचं मात्र नवऱ्याने, महिपतीने, अंगावर घेतलं. दोन हजार कार्डं आली, अंजनाने गठ्ठा सोडला. मधोमध महिपती, हात जोडून, दात काढून. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी ती, आणि तिच्या डोक्यावर ब्रशने रंगवलेला पदर! खाली मजकूर: 'महिपती अहिरे यांच्या पत्नीस विजयी करा.'

"पत्नीला नाव नाही? मतपत्रिकेवर लोक शिक्का कोणापुढे मारणार?"

"अगं, तुला कोण ओळखतं? आपण काय वेगळे आहोत का?"

"बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लावता आणि घरातल्या बाईचं नाव पुसता? शी!"

दोन हजार कार्डं तिने आंघोळीच्या बंबात घातली. शाईचा घाण वास आळीभर पसरला. मग परसरामकडून त्याच फोटोच्या शंभर प्रती काढून आणल्या आणि प्रत्येकीच्या मागे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मी अंजना अहिरे. नळासाठी तुमच्याबरोबर बसले होते. मत मला द्या.' चाळीचाळीतून एकेक कार्ड बायकांच्या हातोहात फिरलं. कोणी ते देव्हाऱ्याशेजारी लावलं, कोणी पिठाच्या डब्यावर.

एक्केचाळीस मतांनी अंजना निवडून आली.

गुलाल उधळत कार्यकर्ते धावले आणि पहिला हार घातला महिपतीच्या गळ्यात. तोही मान पुढे करून उभा! "अहो, द्या इकडे," म्हणत अंजनाने तो चारचौघांत ओढून काढला आणि स्वतः घातला. फुलं चुरगळलेली, त्याच्या घामाने चिकट झालेली. किळस आली तिला. पण मिरवणूक संपेपर्यंत तिने हार उतरवला नाही.