मोहाखालची हजेरी

शाळेत कोण आलं नाही, हे प्रफुल सरांच्या आधी सत्यशीलाबाईंना कळतं. त्या शाळेत खिचडी शिजवतात. घासलेल्या ताटल्या ओट्यावर उपड्या मांडून ठेवायच्या, ही त्यांची रीत. प्रत्येक ताटलीच्या काठावर खिळ्यानं नाव कोरलेलं. जेवणं उरकल्यावर जी ताटली उपडीच दिसेल, ते पोर आज आलेलं नाही.

रीनाची ताटली अकरा दिवस उपडीच होती.

"सर, पोट्टी कुठी हाय?"

"मोहाचे दिवस आहेत ना बाई. दोनदा जाऊन आलो. आई म्हणते, उद्या पाठवतो." सरांनी मान हलवली. "पाचवीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली. बसलीच नाही, तर पुढच्या शाळेत नाव घालायला अडेल. आणि एकदा अडलं, की..."

"की घरीच राहते. मले का सांगता?"

बाईंची स्वतःची शाळा अशाच एका मोहाच्या हंगामात सुटली होती. चौथीत. हंगाम संपला, शाळा काही पुन्हा सुरू झाली नाही. आता मार्चमध्ये उन्हामुळं शाळा सकाळची होते, सात ते अकरा. आणि मोहाची फुलंही झाडावरून पडतात ती नेमकी पहाटेपासून दहा-अकरापर्यंत. पोरानं एकाच वेळी असायचं तरी कुठं कुठं?

दुपारी बाई सुकरीच्या अंगणात हजर. सुकरी, म्हणजे रीनाची आई, वेचलेला मोह उन्हात पसरत होती.

"काऊन वं सुकरी, पोरीले शाळेचं तोंड दाखवत नाईस?"

"मले का हौस हाय, बाई?" सुकरीनं हात झटकले. "पोरीचा बाप सुकलू तिकडं बल्लारपूरले कामावर. तीन झाडं हायत आमची. दोन डोंगरीवर, एक नाल्यावर. मी डोंगरीवर वेचतो, तं नाल्यावरचं कोन राखन? जराशी नजर हटली, का शेळ्या सारा मोह खाऊन जातात."

"कोनाच्या शेळ्या?"

सुकरी खाली वाकून पसरलेलाच मोह पुन्हा पसरू लागली. "असतीन कोनाच्या. गावातल्याच."

"नाव सांग फक्त! त्याच्या दारात जाऊन अशी झाडतो, का सात दिवस घराभाईर निघनार नाई."

घरातून फिसकन हसू आलं. रीनाच. सुकरीनं तिकडं डोळे वटारले. "जाऊ द्या ना, बाई."

"कायले जाऊ देऊ? तू नको सांगू. सकाळी मीच येतो झाडाखाली."

"तुमी?" सुकरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तुमी कायले येता? खिचडी हाय ना तुमाले!"

"एक दिवस चूल माह्या जोडीची रंभा सांभाळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी रोजच्यासारखं शेळ्यांचं दार उघडलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि नाल्याकडं निघाल्या. झाडाखालची जमीन पाला झाडून साफ केलेली, तिच्यावर टपटप मोह पडत होता आणि त्या गोडसर वासात रीना पुस्तक घेऊन बसली होती. दुसऱ्या हातात फोक.

"पुस्तक कायले?"

"शेळ्या येईपर्यंत वाचतो, मावशी."

"आज येऊ दे तं खरं!" बाई झाडाआड दबा धरून उभ्या राहिल्या.

फार वेळ लागलाच नाही. नाल्याच्या काठावरून एक शेळी, तिच्यामागं दोन, त्यांच्यामागं उड्या मारत एक करडू. बाईंनी पदर खोचला, काठी उगारली, तोंडही उघडलं. आणि ते उघडंच राहिलं. पुढच्या शेळीच्या गळ्यात निळ्या लुगड्याचा काठ बांधलेला. ते लुगडं बाईंनीच दिवाळीत फाडलं होतं. शेळीनंही बाईंना ओळखलं. सरळ जवळ येऊन ती त्यांचा पदर हुंगू लागली. रोज त्यात मूठभर तांदूळ असतो ना.

"मावशी," रीनानं अदबीनं विचारलं, "हानू का?"

बाईंनी काठी खाली टेकवली. "कवापासून येऊन राह्यल्या?"

"शाळा सकाळची झाली तवापासून."

बाई बोटांवर दिवस मोजू लागल्या. शाळा दुपारची असताना दहा वाजता लटारू गुराखी यायचा, तेव्हा त्या स्वतः शेळ्या त्याच्या हवाली करायच्या. आता सहालाच निघावं लागतं, म्हणून दार उघडून जायच्या. लटारू येईपर्यंत शेळ्या अंगणातच थांबत असतील, असा त्यांचा समज. मोह पडत असताना शेळी अंगणात थांबते होय? आणि मोहाच्या दिवसांत जनावर बांधून ठेवायचं, हा गावचा नेम त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवत आल्या होत्या.

"अन् तू बोलली काऊन नाई, माये?"

"माय म्हने, बाई तुले जेवू घालते, तिचं नाव घ्याचं नाई."

करडाचा कान धरून बाई घरी निघाल्या. वाटेत डोंगरीवरून उतरणारी सुकरी भेटली. तिनं एक नजर शेळ्यांवर टाकली, एक बाईंवर, आणि डोक्यावरची टोपली सावरायच्या निमित्तानं तोंड लपवलं.

"हास, हास! अवं, माह्या भिडेपायी पोरीची शाळा बुडवतीस?"

"तुमाले कसं म्हनू, बाई?"

"तोंडानं म्हन. शेळ्या माह्या हायत, वाघ नाईत."

त्याच दुपारी दोघींनी मिळून बोरीच्या काट्याचं कुंपण नाल्यावरच्या झाडाभोवती घातलं. इतरांच्या गुरांचाही भरवसा नव्हता. संध्याकाळी बाईंनी पाल्याचा भारा आणून टाकला, शेळ्या बांधल्या आणि लटारूला बजावलं, "उद्यापासून तू येऊन सोडशीन. तवरक बांधल्या राहतीन."

लटारू म्हणाला, "साऱ्या गावाले शिकवते बाई, अन् घरच्याच शेळ्या अडानी राह्यल्या!"

"बोल बापा. आज तुहा दिवस हाय."

सकाळी सात वाजता रीना आली. केसांना अजून मोहाचा वास. बाईंनी खिचडीचं आधण सोडून आधी तिची ताटली उलथून सुलटी केली आणि पदरानं पुसली. पुसतच राहिल्या जरा वेळ.

वर्गात सर फळ्यावर गणित मांडत होते, आणि गावाकडून एकसारखं बें-बें ऐकू येत होतं.

"कोणाच्या शेळ्या एवढ्या ओरडतायत?" सरांनी खिडकीतून विचारलं.

सगळा वर्ग रीनाकडं पाहून हसला. रीना ओट्याकडं पाहून.

"माह्या हायत, सर," चुलीत फुंकर मारत बाई म्हणाल्या. "ओरडू द्या. परीक्षा होईपर्यंत त्यांले सुट्टी नाई."