नाव कुणाचं लिहू?

चिंतामणी तळपद्याला दोन खोडी होत्या. मोर्चा दिसला की त्यात शिरायचं ही एक, आणि कारण कळल्याशिवाय कुठलीच गोष्ट सोडायची नाही ही दुसरी. पहिल्या खोडीपायी फोर्टातल्या सॉलिसिटरच्या हपिसातली नोकरी गेली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून ओरडत तो कोठडीत जाऊन बसला, आणि सुटून येतो तर साहेबाने त्याच्या खुर्चीवर दुसरा कारकून बसवलेला. दुसऱ्या खोडीपायी काय झालं, तीच तर ही गोष्ट.

नोकरी गेली, आता धंदा करायचा. पण धंद्याला भांडवल लागतं, आणि गिरगावातल्या दोन खोल्यांत भांडवल कुठलं? कुणीतरी सांगितलं, विम्याची एजन्सी घे, त्याला नुसतं तोंड लागतं. तोंड होतं. लग्नातला कोट होता. वडिलांची, म्हणजे अप्पांची, छत्री होती. एवढ्यावर चिंतामणी विमा एजंट झाला.

पण एजंटाला बघून माणसं कशी पळतात म्हणता! सख्खा मावसभाऊ ठाकुरद्वारच्या नाक्यावर समोरून येता येता रस्ता ओलांडून गेला. एका बारशाला यजमानीणबाईंनी पेढा हातावर ठेवतानाच बजावलं, "भावजी, आज शुभ दिवस आहे हं. मरणाबिरणाचं काढू नका." वर्ष संपत आलं आणि ठरलेल्या केसेसपैकी, म्हणजे पॉलिसींपैकी, अर्ध्याही झालेल्या नव्हत्या. मार्चअखेर त्या भरल्या नाहीत की एजन्सी रद्द. मग बडोद्याला थोरल्या भावाकडे, कमलाकांताकडे जायचं आणि त्याच्या दुकानात पावत्या फाडत बसायचं. चिंतामणीच्या बायकोने, सुमतीने, ट्रंक माळ्यावरून काढून पुसूनसुद्धा ठेवली होती. मुंबई आमची म्हणून ज्याने लाठ्या खाल्ल्या, त्यानेच मुंबई सोडायची! त्या ट्रंकेकडे नजर गेली की तो तोंड फिरवायचा.

अशात एक दिवस परळच्या नाक्यावर दौलत भेटला. हा लालबागेतल्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा गडी, कुडाळकडचा. कोठडीत दोघे एका घोंगडीखाली झोपले होते. चिंतामणीची रडकथा ऐकून तो म्हणाला, "एवढाच मा? रविवारी आमच्या खोलीवर येवा. खोलीभर गडी आसत, एकजात कमावते."

चिंतामणीचा जन्म गिरगावात गेला. लालबाग म्हणजे ट्रामने जेमतेम अर्धा तास, पण मोर्चा सोडून तो कधी त्या बाजूला फिरकला नव्हता. खोलीत पाऊल टाकलं आणि तो बघतच राहिला. सगळे एका गावचे, बायकामुलं गावी. भिंतीला ज्याची त्याची खुंटी, खुंटीखाली ज्याची त्याची ट्रंक. स्टोव्हवर बांगड्यांचं तिखलं, माशांचं झणझणीत कालवण, रटरटतंय. कोपऱ्यात रवळनाथाची तसबीर आणि तिच्याखाली भिवा आबा. आबा सर्वांत म्हातारे, गिरणी सुटली तरी खोली न सुटलेले. भांडण मिटवायचं तर आबा, गावी पैसे धाडायचे तर आबा. कुणी मुंबईतच वारला तर त्याची ट्रंक बोटीने घरी पोचवणारेही आबाच.

इथे मरणाचं नाव काढल्यावर कुणी पळालं नाही. उलट जयवंत नावाच्या एका गड्याने सरळ विचारलं, "मोर्च्यात गोळी लागान मेलंय तर?"

"तरी पैसे मिळतात," चिंतामणी म्हणाला. "मी विचारून आलोय."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली आणि म्हणाले, "लिवा."

चिंतामणीला वाटलं, उठून नाचावं! त्याने फॉर्म काढले आणि दौलतला पुढ्यात बसवलं. नाव, वय, गिरणी, खातं, सगळं भराभर झालं. मग आला वारसाचा रकाना. "तुझ्यामागे पैसे कुणाच्या हातात द्यायचे? नाव सांग."

दौलतने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. "भिवा आबांचां लिवा."

"अरे, बायको आहे ना तुला?"

"आसा की. पण आबांचांच लिवा."

जयवंत आला. "आबांचां." तिसरा आला, "आबांचां." चौथा, पाचवा, सगळ्यांची तीच रेकॉर्ड! चिंतामणीचा हात थांबला. त्याने तिरक्या नजरेने पाहिलं, तर म्हातारा बिडी ओढत समाधानाने बसलेला. भलताच पोचलेला दिसतोय, त्याच्या मनात आलं. इतक्या बायकांच्या तोंडचा घास एकट्याच्या खिशात? "एवढा रकाना पुढच्या रविवारी भरू," असं सांगून त्याने फॉर्म गुंडाळले आणि ट्राम पकडली.

विम्याच्या हपिसातले साहेब त्याच्यावर उखडलेच. "अहो तळपदे, लिहून टाका म्हाताऱ्याचं नाव! कायद्यात बसतं. तुम्हाला कशाला नसती उठाठेव?"

साहेबांचं खरं होतं. नाव लिहिलं की केसेस झाल्या आणि बडोदं टळलं. पण कारण कळत नव्हतं ना! म्हातारा पैसे खातो म्हणावं, तर अंगावरचा सदरा ठिगळाचा. गडी त्याला भितात म्हणावं, तर तोंडावर त्याची थट्टा करतात. बायकांवर जीव नाही म्हणावं, तर जयवंतच्या ट्रंकेत वरच हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं. मग गोम कुठेय? जेवताना तेच, दाढी करताना तेच. गालावर दोनदा कापलं.

शेवटी रविवारी सकाळी त्याने सुमतीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून ती इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

"हसतेस काय?"

"हसू नको तर काय करू? अहो, इतकी वर्षं झाली लग्नाला. अप्पांसमोर एकदा तरी मला नावाने हाक मारलीत? नुसतं 'अगं', 'ऐकलंस का', 'कुठे गेली ही'. माझं नाव काय आहे, आठवतंय तरी का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"बघा बाई! आणि म्हणे सॉलिसिटरच्या हपिसात होतात," असं म्हणून तिने दुसरी पोळी घेतली.

चिंतामणी फुरंगटून बाहेर पडला. गिरगावापासून लालबागेपर्यंत ट्राममध्ये तो विचार करत होता. कंडक्टरने दोनदा तिकीट मागितलं तरी याचं लक्ष नाही, आणि उतरता उतरता डोक्यात लख्ख उजेड पडला. हात्तिच्या!

खोलीत शिरल्या शिरल्या तो आबांसमोर मांडी घालून बसला. "आबा, रागावू नका. हे सगळे तुमचं नाव लिहा म्हणतात, ते तुमच्यासमोर बायकोचं नाव घ्यायची लाज वाटते म्हणून का हो?"

दौलतचे कान लाल झाले. जयवंत उगाचच स्टोव्हची वात वरखाली करायला लागला.

आबा चकित झाले. "अरे मेल्यांनो! माका वाटला, इस्वास आसा म्हणान माझा नाव घालतत. बरा वाटला होता माका." बिडी विझली तरी हातातच होती. "धोंडू गेलो तेव्हा असांच झाला," ते हळूच म्हणाले.

धोंडू याच खोलीतला. गेल्या साली गोळीबारात गेला. चाळीने घराघरातून वर्गणी जमवली आणि मनिऑर्डर करायला बसले, तर धोंडूच्या बायकोचं नाव कुणालाच येईना. बाबल्याची आई, मधल्या घरची सून, आमची वहिनी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. शेवटी धोंडूच्या थोरल्या भावाच्या नावाने पैसे धाडले.

"भावान बैल घेतले," आबा म्हणाले. "मी ट्रंक घेवन गेलंय, तर ती त्या बैलांचां शेण काढी होती. तेव्हा पयल्यांदा विचारलंय, बाय, तुजां नाव काय गो? अंबिका म्हणाली. नाव सांगता सांगता रडाक लागली." आबांनी विझलेली बिडी भिरकावली. "आता माझा नाव कित्या घालतास? मी किती दिवसाचो? उठा. आज सगळ्यांनी नाव घेवचां. लग्नात उखाणो घेतलास, तेव्हा लाज खय होती?"

खोलीत एकच गलका झाला. तू घे, नाय तू घे! अखेर दौलतला ढकलून मधे उभं केलं. त्याने सदरा खाली ओढला, घसा खाकरला आणि डोळे मिटून म्हणाला:

"लालबागच्या नाक्यावर ट्राम करते खडखड,
शेवंतीचं नाव घेताना काळीज करतं धडधड!"

अशी आरोळी उठली की वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकून बघायला लागल्या. जयवंतही सरसावला:

"साच्यावर धोटा, धोट्यात कांडी,
मीराबाई वाढते पेज, पुढ्यात भरली हांडी!"

मग काय विचारता! एकामागून एक नावं येऊ लागली. लीला आली, आनंदीबाई आली. कुणाला यमक जुळेना, कुणी लाजून भिंतीकडे तोंड करून नाव सांगितलं, एकजण नाव घेऊन जो खाली बसला तो गुडघ्यात डोकं घालूनच राहिला. चिंतामणी लिहीत सुटला. बडोदं केव्हाच मागे पडलं होतं, पण त्या क्षणी ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

शेवटचा फॉर्म झाला तसे आबा भिंतीला धरून उभे राहिले.

"आबा, तुमचं वय..." चिंतामणी चाचरला.

"ठावक आसा. माझो विमो होवचो नाय. नुसतां ऐका." त्यांना यमक जुळवायचं नव्हतं. "कौसल्या," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "कौसल्या. ती गेली तेव्हा मी हयंच साच्यावर होतंय. जिती होती तेव्हा कधी नावान हाक मारूक नाय. गो म्हणायचंय नुसता."

कुणी हसलं नाही. लिहायचं काही उरलं नव्हतं, तरी चिंतामणीला पेनाचं टोपण लावता येईना.

गिरगावात तो जिना एका दमात चढला. अप्पा दारातच आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. चिंतामणीने चपलाही काढल्या नाहीत.

"सुमती!"

अप्पांचा चष्मा नाकावर घसरला. सुमती कणकेच्या हातांनीच धावत बाहेर आली. "अगोबाई! काय झालं? पोलीस आले का?"

"ट्रंक माळ्यावर टाक. आपण कुठ्ठे जात नाही."

सुमतीने त्याच्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी वर्तमानपत्र वर उचलून तोंडासमोर धरलं होतं.

"ट्रंकेचं कळलं हो," ती म्हणाली. "त्याच्या आधी काय म्हणालात, ते पुन्हा म्हणा."