कॅरमची पावडर आणि मुग्धाच्या मुंग्या

माझ्या हातून एक अख्खं कुटुंब संपलं आहे, लेकराबाळांसकट, आणि ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवाला नाही (त्याला माहीत असणारच, पण त्याने विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही). कुटुंब मुंग्यांचं होतं. हसू नका. त्या साध्या मुंग्या नव्हत्या, माझ्या मुलीच्या मुंग्या होत्या.

मी वकील आहे. म्हणजे टेबलावर मूठ आपटणारा नव्हे. खरेदीखतं, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं करून देणारा. हैदराबादेत नामपल्लीला एका झेरॉक्सच्या दुकानामागे माझं ऑफिस आहे. ‘वरील मजकूर खरा आहे’ असं लोकांकडून वदवून घ्यायचं आणि शिक्का मारायचा, हा माझा धंदा. न्यायमूर्तींपुढे तोंड उघडायची वेळ कधी आली नाही. तोंड उघडणं मला घरीही जमत नाही. ते खातं सुनंदाकडे, म्हणजे बायकोकडे आहे. ती जामबागेतल्या शाळेत गणित शिकवते आणि शाळेत उरलेला आवाज घरी घेऊन येते.

मुलगी मुग्धा, अकरावीत. आमच्या बरकतपुऱ्यात अकरावीतली मुलं दिवसाउजेडी दिसतच नाहीत. सगळी कोचिंगच्या वर्गांत कोंडलेली असतात. मुग्धाने मात्र भलतंच खूळ घेतलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मोठ्या विज्ञानसंस्थेत शाळाकॉलेजातल्या मुलांना खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली संशोधन करायला मिळतं. देशभरातून अर्जांचा पाऊस पडतो आणि घेतात मूठभर. अर्जासोबत घरच्या घरी केलेलं एक निरीक्षण जोडायचं, त्यावरून मुलाखत, आणि मग निवड. तिला तिथे जायचंच होतं. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली, "काही नक्को बाबा. सिलेक्शन पाहिजे."

"मी मुंग्यांवर करणार," तिने जाहीर केलं.

"कर," सुनंदा म्हणाली. "आपल्या घरात तेवढंच मुबलक आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एका भेगेतून काळ्या मुंग्या येत. धावऱ्या, न चावणाऱ्या, एकूण सभ्य कुटुंब. मुग्धाने खिडकीच्या कठड्यावर बाटल्यांची चार झाकणं मांडली: एकात साखर, एकात गूळ, एकात उस्मानिया बिस्किटाचा चुरा, एकात शेंगदाण्याचा कूट. मुंग्या आधी कुठे जातात, किती जातात, ते ती रोज मोजायची आणि फोनवर चित्रण करायची. मुंग्या रोज साखरेकडेच जायच्या. सुनंदाला फडकं फिरवायला सक्त बंदी होती.

"हे माझं स्वयंपाकघर आहे की त्यांचं?"

"आई, थोडे दिवस! सायन्स आहे."

"सायन्स तुझ्या खोलीत ने!"

"त्या माझ्या खोलीत येत नाहीत ना! मैं क्या करूं?"

मी पेपर डोळ्यांपुढे धरला. मनातून मात्र मुलीचा इतका अभिमान वाटत होता की काहीतरी मदत करावी असं फार वाटायचं. हे वाटणं वेळीच आवरलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती!

एका शनिवारी मी घरी एकटाच होतो. मुग्धाचा फोन आला. "बाबा, सकाळी विसरले. साखरेच्या झाकणात चमचाभर पिठीसाखर टाका ना. आणि प्लीज, बाकी कशाला हात लावू नका."

आता आमच्या घरचा एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडे डब्यावर जे लिहिलेलं असतं ते आत नसतं. दिवाळीत आलेल्या मिठाईचे सारखे दिसणारे दोन पिस्ता रंगाचे डबे होते. एकात सुनंदाने पिठीसाखर भरली होती. दुसऱ्यात मी कॅरमची बोरिक पावडर ओतून ठेवली होती, कारण तिची पिशवी फाटली होती. मी डबा उघडला. पांढरं, मऊ, बारीक. चाखून बघावं का? छे! मुलीच्या प्रयोगातलं चाखायचं नाही, एवढी शिस्त मला आहे! चमचाभर टाकली. झाकणात आधीची थोडी साखर ओलसर होऊन बसली होती, तिच्यात बोटाने छान कालवली. मुंग्या आल्या. खाल्लं. घरीही घेऊन गेल्या. मी कौतुकाने बघत उभा होतो.

रविवारी नेहमीप्रमाणे ‘कॅरमचा’ डबा घेऊन वरच्या मजल्यावर सत्यम गारूंकडे (‘गारू’ म्हणजे तेलुगूत ‘साहेब’) गेलो. हे बँकेतून निवृत्त झालेले, माझे एकमेव कॅरममित्र. बाल्कनीत बोर्ड मांडला. मी पावडर सढळ हाताने भुरभुरली.

"वकीलसाब, स्ट्रायकर जाराच नै," ते म्हणाले. "चिपक रा."

"नया पावडर है."

त्यांनी बोर्डावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि बँकेत नोट पारखावी तसं ते जिभेला लावलं. "अरे! तिय्यगा उंदी! मीठा है! मीठा पावडर कौनसी कंपनी बनारी, साब?"

म्हणजे काल झाकणात गेली ती कॅरमची बोरिक पावडर, मुंग्यांचं विष! खाली घरी आलो. खिडकीपाशी एक मुंगी गोल गोल फिरत होती, पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखी. बाकी रांग नव्हती. दुसऱ्या दिवशी तीही नव्हती.

"बाबा, आज आल्याच नाहीत," मुग्धा म्हणाली.

"येतील."

"अजून आठवडाभराचं चित्रण राहिलंय. नाही आल्या तर?"

"येतील."

ती गुडघे पोटाशी घेऊन ओट्यावर बसली होती, भेगेकडे बघत. ताट तसंच गार झालेलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आतून ‘चहा घेतेस का?’ एवढंच बाहेर पडलं.

मग मी दोन्ही डबे निस्तरले, झाकण गुपचूप धुऊन त्यात खरी साखर भरली आणि ठरवलं की मुंग्या आणायच्या. हैदराबादेत काय मिळत नाही! ऑफिसातून येताना काचीगुड्याजवळच्या एका मिठाईच्या दुकानासमोर थांबलो.

"भाई, च्यूंटियां हैं क्या?"

"क्या बोले?"

"च्यूंटियां. काली वाली. थोडी होना मेरेकू."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या काळ्या कोटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "साब, अपनी दुकान में एक च्यूंटी नै. अब्बा के जमाने से नै."

"एक-दो तो होंगी, भाई. जरा देखो ना."

"कौन शिकायत करा? वो सामने वाला करा ना?"

"नै नै, घर के लिए होना."

"साब, नोटीस-वोटीस नक्को," असं म्हणत त्याने बालूशाहीचा एक डबा माझ्या हातात कोंबला. "ये लेव, बच्चों के वास्ते. च्यूंटी का बात इधरइच खतम!"

इतक्या वर्षांच्या वकिलीत मला मिळालेली ही पहिली लाच. तीही मुंग्यांसाठी, आणि मुंगी एकही मिळाली नाही!

घरी पोचतो तोच सत्यम गारूंचा फोन. "वकीलसाब, क्या पावडर लाए आप! कॅरमबोर्ड पे चीमलू चढ गए. चीमलू, चीमलू! पूरी बाल्कनी भर गई!"

चीमलू म्हणजे मुंग्या, एवढं तेलुगू मला येतं. "वा! बहुत अच्छा!" मी ओरडलो.

"अच्छा क्या अच्छा?" ते दुखावले.

त्यांची बाल्कनी आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर. मधून पावसाच्या पाण्याचा पाइप. मी साखरेचा पाक केला (आयुष्यातला पहिला, दोन तारी झाला असावा), एक जुना टूथब्रश घेतला आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून, हात पोचेल तिथपासून खिडकीपर्यंत पाइपला पाक फासू लागलो. एवढ्यात वरून आवाज आला.

"क्या कर रहे, वकीलसाब?"

"पाइप साफ कर रहूं."

"टूथब्रश से?"

"अच्छे से कर रहूं."

सकाळी मुंग्या आल्या! मुग्धाने आनंदाने किंकाळी फोडली. पाठोपाठ सुनंदानेही फोडली, पण ती वेगळ्या कारणाने. मुंग्या लाल होत्या आणि कडाडून चावत होत्या.

"या कोणाच्या घरच्या?" सुनंदा बोट चोळत म्हणाली. "आपल्या अशा नव्हत्या!"

मुग्धा मात्र झाकणांकडे टक लावून बघत होती. नव्या मंडळींनी (वरची पावडर आणि पाइपचा पाक खाऊन गोडाला विटल्या असाव्यात) साखरेला जेमतेम तोंड लावलं आणि सगळ्याच्या सगळ्या शेंगदाण्याच्या कुटावर तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिचा सुंदर चढता आलेख कड्यावरून पाय घसरावा तसा खाली आला.

"बाबा, हे काय झालं? इतके दिवस साखर, साखर, साखर, आणि आता कूट! रंग वेगळा, वागणं वेगळं. जुन्या सगळ्या एकदम गेल्या कुठे?"

इथे मी आयुष्यातला सर्वांत वाईट सल्ला दिला. "शेवटचे दिवस लिहूच नकोस. आधीचं छान आलंय. तेवढंच पाठव."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. दुकानात आपल्या ओळखीचा माणूस खिशात काही घालताना दिसावा, तसं. "तुम्ही असं सांगता, बाबा? तुम्ही?" मग जरा थांबून म्हणाली, "सिलेक्शन नाही झालं तर नाही झालं. जे दिसलं ते लिहायचं."

तिने सगळं लिहिलं. खाली एक ओळ जोडली की हा बदल का झाला ते मला कळलेलं नाही आणि मला ते शोधायचं आहे. मुलाखतीचं बोलावणं त्या ओळीमुळेच आलं, असं पुढे कळलं.

मुलाखत ऑनलाइन होती. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, पडद्यावर एक मॅडम आणि दोन सर. सुनंदा आतल्या खोलीत स्तोत्र पुटपुटत होती. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो, म्हणजे लपलो होतो. सगळे घोटाळत होते ते त्या शेवटच्या दिवसांपाशीच. ऊन वाढलं होतं का? पाणी साचलं होतं का? मुग्धा धडाधड उत्तरं देत होती. आणि मग एका सरांनी विचारलं, "घरात कोणी मुंग्यांचं औषध वगैरे टाकलं होतं का?"

"एक मिनिट, सर," मुग्धा म्हणाली आणि खुर्चीतूनच मोठ्याने ओरडली, "बाबा! आपल्याकडे कोणी मुंग्यांचं औषध टाकलं होतं का?"

आतलं स्तोत्र थांबलं. माझ्या बनियनमध्ये एक लाल मुंगी शिरली होती आणि तिला उत्तर माहीत असावं, कारण नेमकी तेव्हाच ती चावली. बोरिक पावडर औषध म्हणून कुठे टाकली होती? साखर म्हणून टाकली होती. म्हणजे कायद्याने पाहिलं तर...

"नाही," मी म्हणालो.

जन्मात पहिल्यांदा मी तीन न्यायाधीशांपुढे तोंड उघडलं आणि एकच शब्द बोललो, तोही खोटा!

"नाही टाकलं, सर," मुग्धा म्हणाली. "माझे बाबा ॲडव्होकेट आहेत. ते नाही म्हणाले म्हणजे नाही."

दूध उतू गेलं. "दूध!" आतून सुनंदा गरजली. पडद्यावरचे तिघं हसले. मी ओटा पुसत राहिलो, बराच वेळ.

निवड झाली. सुनंदाने मजल्या-मजल्यावर पेढे वाटले. सत्यम गारूंनी मुग्धाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाइप साफ करे, घर में लक्ष्मी आई." हल्ली तेही टूथब्रश घेऊन पाइप घासतात.

आता ती तिकडे आहे, संस्थेत. आणि तिला विषय कोणता दिला असेल? तिचाच! ‘घरातली मुंग्यांची वसाहत अचानक नाहीशी होऊन दुसरी का येते?’ फोनवर फार उत्साहात असते.

"बाबा, उष्णता वाढवून बघितली, उपाशी ठेवून बघितलं, लाल मुंग्या सोडून बघितल्या. काळ्या मुंग्या जागा सोडतच नाहीत! सर म्हणतात, तुझ्या घरची केस फार भारी आहे. विषाची शक्यता आम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकली ना, म्हणून अवघड झालंय."

"जेवतेस ना वेळेवर?" मी विचारतो.

समारोपाला तिला सगळ्या शास्त्रज्ञांसमोर हे मांडायचं आहे. आम्हा दोघांना बोलावलं आहे. सुनंदाने नवी साडी काढून ठेवली आहे. त्या सभागृहात उत्तर माहीत असलेला एकच माणूस असेल, आणि तो पालकांच्या रांगेत बसलेला असेल.

काल मी धीर केला. वाक्य पाठ केलं, गच्चीत गेलो, फोन लावला.

"बोला बाबा."

"मुग्धा..."

"हां, बाबा?"

"तिकडे उकडतंय का गं?"

"एसी आहे, बाबा."

"बरं," म्हणालो आणि फोन ठेवला. इतकी तयारी करून, संस्थेत एसी आहे एवढी माहिती काढली!

समारोप अजून व्हायचा आहे. तो होण्याआधी मी मुग्धाला त्या ‘नाही’च्या जागी एक ‘हो’ देणं लागतो.