एकट्या संताची फ्रेम

पांढुर्ण्याच्या बाजारात आमचा एक फ्रेमवाला आहे. त्याच्याकडे घाईनं जाणारा मूर्ख. साधुसंताचा फोटो दिला, की काच कापायच्या आधी विचारतो, "हे कोनाले पाहून भक्तीले लागले? त्यायचाबी फोटो आना. एकटा संत भिंतीवर सुस्त होते."

मिशन शाळेच्या सिस्टरनं एका कॅथलिक संतबाईंचा फोटो दिला. त्या म्हणे दुसऱ्या संतबाईंचं चरित्र वाचून देवाकडे वळल्या. सिस्टरनं त्यांनाही आणलं. त्यांना ज्या संतानं वळवलं तोही आला, मग त्याच्या मागचा. असं करत करत आता दुकानात सात संत भिंतीला टेकून उभे आहेत आणि पहिली फ्रेम अजून व्हायचीच आहे. सिस्टर मात्र खूश. "इतक्या आस्थेनं कुणी विचारतच नाही," म्हणते.

मी वडिलांचा फोटो घेऊन गेलो. ते जन्मभर सौंसरला गुरुजी होते.

या खेपेला त्यानं उलटं विचारलं, "यायले पाहून कोन सुधरलं?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी."

त्यानं चष्मा वर करून मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं आणि फोटो सातव्या संताशेजारी टेकवला.

"राहू द्या इथंच. गुरुजीचं काम अजून चालूच दिसून राहिलं."