माहेरी जाणारा मासा

"बेट कुठं गेलं?" असं आमचे थोरले दीर ओरडले, तेव्हा ते घोड नदीच्या पुरात कमरेभर पाण्यात उभे होते, हातात नकाशा होता, आणि मागे बैलगाडीत मला कळा सुरू झाल्या होत्या. नकाशा घोड नदीचा नव्हता. विलायतेच्याही वर, उत्तरेच्या टोकाला कुठलीशी नदी आहे, तिचा होता. आपल्या गावची सोडून दुसरीच नदी तोंडपाठ असलेला एवढा एकच माणूस मी पाहिला.

लढाईत ते खेचरांच्या पलटणीत स्वयंपाकी होते. दोन हिवाळे त्या नदीकाठी काढले आणि येताना मेणकापडावर स्वतः काढलेली नदी घेऊन आले. मुखाशी खारं पाणी, मग बेट, डोह, धबधबा, आणि पार वर खडीचा उथळ भाग. निरगुडसरला आल्यावर त्यांनी सगळं गाव त्यात बसवलं. म्हशी धुवायच्या डोहाला तिकडचं नाव दिलं, तेही दर आठवड्याला वेगळ्या उच्चारानं. जेवताना ताटात भाकरीचे डोंगर मांडायचे, मधून आमटी सोडायचे आणि नदी दाखवता दाखवता ती जमिनीवर जायची. मला पुन्हा आमटी टाकावी लागे.

पारावर सांगत, "तिकडचा सामन मासा समुद्रातनं उलटा पवत डोंगरात जातो. जिथं जल्मला तिथंच अंडी घालतो."

"म्हंजी बाळंतपणाला म्हायेरी जातो म्हना की, राव! मुराळी कोन येतो त्याला न्यायला?"

लोक हसत. दीर चिडत नसत. "पानी चढलं की निगतो. उथळ पान्यात निगत न्हाई. लई शाना असतो."

हे शहाणपण माझ्यावर आलं. पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर नदीपल्याड, उन्हाळ्यात पायी जाण्यासारखं. सातव्या महिन्यात माझा भाऊ न्यायला आला. दिरांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवला. "पानी चढू द्या." थोरल्याचा शब्द मोडायची घरात रीत नव्हती. आमचे मालकही मान खाली घालून बसले. श्रावणात नदी दुथडी भरली, तेव्हा दीर आनंदानं म्हणाले, "आता जुपा गाडी!"

मधल्या धारेत बैल अडले. पाणी गाडीच्या फळ्यांवर आलं.

"दादा, ही आपली नदी हाय!" मालक ओरडले. "हितं तुमचं बेट कुठलं?"

तोवर मी दिरांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "भावजी, ते कापड ठेवा अन् पाय चालवा! मासा अंडी घालतो ती खडी कुठं ऱ्हाती?"

ते थबकले. "वळनाच्या आतल्या अंगाला. तिथं पानी उथळ."

नकाशा माझ्याकडे फेकला, बैलांचा कासरा धरला आणि पायानं तळ चाचपत निघाले. "चिखल... चिखल... खडी! खडी लागली!"

काठावर आलो, पण माहेर दोन शेतांवर राहिलं. बाभळीखाली गाडीतच मुलगी झाली. लुगडी, गोधड्या, सगळं ओलं. मेणकापड तेवढं पुसलं की कोरडं. तिला त्यातच गुंडाळली. नकाशातला धबधबा तिच्या छातीवर आला.

दीर गाडीकडे पाठ करून उभे होते. "पोरीची आई कशी हाय?" त्यांनी मालकांना चार वेळा विचारलं.

"बरी हाय की. का वो?"

"तिकडं अंडी घातली की मासा मरतो," दीर म्हणाले. "ह्ये मी पारावर कुनाला सांगितलं न्हाई."

नकाशा त्यांनी परत मागितला नाही. जेवताना आमटीही सांडली नाही पुन्हा. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

त्या पुरातून मी वाचले. मुलगी वाचली. मालक, दीर आणि दोन्ही बैलही.